बारीक टाका

ओक-बुन प्रत्येक पट्टी आधी उजेडाला धरायची, मगच टोपीला लावायची. वीसेक वर्षांची खोड होती ती, आणि मा-मालकाला तिचा मनस्वी राग होता.

कोरियातल्या सोल शहराच्या पूर्वेला नाल्याच्या काठावर मा-मालकाचा गवती टोप्यांचा कारखाना होता. टोपीचा घुमट जिथं काठाला मिळतो तिथं एक काळी चकचकीत पट्टी लागते. ती पट्टी म्हणजे जुन्या सिनेमाची फिल्म. गावोगाव फिरून झिजलेले, कुणालाच नको झालेले सिनेमे भंगारवाला गोण्यांत भरून आणून टाकायचा. बायका ते टोपीच्या मापानं कापायच्या आणि मशीनखाली घालायच्या. उन्हाळ्यात भाताच्या खाचरांतून वाकलेल्या माणसांच्या डोक्यावर नट्या रडायच्या, घोडे उधळायचे, खून व्हायचे. घामानं आणि पावसानं एका हंगामात ते सगळं पुसून जायचं, की पुढच्या वर्षी नवी टोपी.

“काय गं जोंग-गूच्या आई, सापडला का नवरा?” शेजारच्या मशीनवरची पिल-नाम विचारायची.

“आज नाही. आज नुसते घोडेच आहेत.”

“मग घोडा बघ एखादा. तुझ्या वयाला काय वाईट?”

सगळ्या हसायच्या. ओक-बुनही हसायची, जरा जास्तच मोठ्यानं. पिल-नामची थट्टा खरी होती, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

मा-मालक मागून यायचा, तिनं शिवलेली टोपी उलटीसुलटी करून बघायचा. “हा काय टाका? मुंगीच्या पावलाएवढा! नवरीचा झगा शिवतेस का? दोरा काय तुझा बाप देतो? लांब टाका घाल, लांब. शेतकऱ्याच्या डोक्यावर जायचंय.”

ओक-बुन मान हलवायची आणि टाका होता तसाच घालायची. आईनं लहानपणी तिला जे काही शिकवलं होतं, त्यातलं एवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

तिचा नवरा मान-सिक रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होता. जपान्यांचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या टेकडीवरच्या गल्लीत सिनेमावाले आले. त्यांना एक खोल विहीर हवी होती. जपान्यांशी लपूनछपून लढणाऱ्यांची गोष्ट होती. त्यात एक माणूस रात्रभर विहिरीत दडून बसतो आणि पहाटे बॉम्ब घेऊन वर येतो. ज्या नटाला उतरायचं होतं त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं आणि त्याला ताप भरला. मान-सिक तिथं बघ्यांत उभा होता. “त्यात काय एवढं,” म्हणाला आणि जोडे काढू लागला.

त्याला एकच वाक्य होतं. चेहरा दिसायच्या आधी, आतून म्हणायचं. “दोर सोडा. मीच आहे.” या चार शब्दांसाठी तो तीन आठवडे परसातल्या सोयाच्या रिकाम्या रांजणात डोकं घालून ओरडत होता, विहिरीसारखा आवाज घुमावा म्हणून. रांजण हुंकारायचा, शेजारीण शिव्या द्यायची आणि ओक-बुनच्या पाठीला बांधलेला सहा महिन्यांचा जोंग-गू खदखदून हसायचा. बादली आणि दोर तिच्याच घरचे घेतले होते. चित्रीकरणाच्या दिवशी मान-सिक विहिरीतून वर आला तेव्हा थंडीनं त्याचे ओठ जांभळे पडले होते, आणि लग्नाच्या दिवशीही दिसला नव्हता इतका तो देखणा दिसत होता.

मग नाटकवाले त्याला बोलावू लागले. पन्नास सालच्या उन्हाळ्यात शहर पडलं, उत्तरेकडचे कम्युनिस्ट आले, आणि शरदात परत फिरले तेव्हा नाटकवाल्यांच्या ट्रकमध्ये मान-सिकही होता. तो आपणहून चढला की त्याला चढवलं, हे ओक-बुनला कधीच कळलं नाही. गल्लीनं मात्र तिला न विचारता ठरवून टाकलं. दोन दिवसांनी शेजारचीच माणसं आली. त्यांनी तिला त्याच विहिरीच्या काठावर गुडघ्यांवर बसवलं आणि कपडे धुवायच्या दांडक्यांनी मारलं. दांडकी शेजारणींच्या घरची होती. तीन वर्षांच्या जोंग-गूला एका बाईनं हात धरून उभं केलं होतं. त्याला बघता यावं म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं घरातले तिन्ही फोटो चुलीत घातले. लग्नाचा फोटो जाड पुठ्ठ्यावर होता, लवकर पेट घेईना. तिला तो चिमट्यानं दाबून धरावा लागला.

पुढं कचेऱ्या जळल्या, माणसं दक्षिणेला पळाली, आणि पळापळीतून परत आल्यावर नवे कागद निघाले. नव्या कागदांवर मान-सिक वाटेत विषमज्वरानं मेला होता. एका म्हाताऱ्यानं तशी साक्ष दिली. ओक-बुन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला आली आणि त्या मरणावर तिनं मुलगा वाढवला. दरवर्षी ती श्राद्धाचं ताट मांडायची: भात, सूप, सुकी मासळी. कदाचित जिवंत असलेल्या माणसापुढं धूप लावायची. जोंग-गू दोनदा वाकून नमस्कार करायचा. त्याला विहीर आठवत होती. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

तिला एकच दुःख चिमट्यात धरल्यासारखं राहिलं होतं. मुलाला बापाचा चेहरा माहीत नव्हता, आणि तो तिनंच जाळला होता. त्यानं बापाला एकदा पाहावं, एकदा त्याचं बोलणं ऐकावं. बस्स. त्यासाठी ती पट्ट्या उजेडाला धरत होती.

जपान्यांना जाऊन तीस वर्षं व्हायची होती त्या वर्षीच्या वसंतात मा-मालकानं तिला खिडकीपासून उठवलं.

“तिकडं आत बस, भिंतीकडच्या मशीनवर. बघू आता कुठला उजेड बघतेस ते.”

ती आत बसली. त्या दिवसांत तिचं चित्तही थाऱ्यावर नव्हतं. जोंग-गूला वाळवंटातल्या एका देशात रस्त्याच्या कामावर क्रेन चालवायला घेत होते. कंपनीनं निवडलं होतं, फक्त घराण्याची चौकशी व्हायची बाकी होती: घरातलं कुणी उत्तरेत तर गेलेलं नाही ना, याची. याआधी दोन नोकऱ्या चौकशीपाशीच अडल्या होत्या. कारण कुणी सांगितलं नव्हतं, पण कारण न सांगणं हेच कारण असतं. त्यामुळं एका गोणीतला गंजका डबा उघडून त्यातलं रीळ ती न बघता, नुसतं बोटांनी कापत आणि शिवत गेली. दिवसभर.

शिवण्याची रीत साऱ्याजणींची एकच होती. फिल्मच्या एका कडेला, भोकांच्या आत, एक बारीक थरथरती पांढरी रेघ असते. त्या रेघेवरून सुई चालवली की शिवण सरळ जाते. ओक-बुनची शिवण तर आखल्यासारखी जायची.

दुसऱ्या दिवशी अंगणात टोप्या चळतीनं बांधायच्या होत्या. ऊन स्वच्छ होतं. एका टोपीच्या पट्टीतून ऊन आरपार आलं आणि ओक-बुनला विहिरीचं तोंड दिसलं. काठाचा एक दगड फुटलेला. बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी तिनंच गुंडाळली होती, हात कापू नये म्हणून.

ती खाली बसली.

“काय झालं गं?” पिल-नामनं विचारलं. “चक्कर आली?”

“घोडा दिसला,” ओक-बुन म्हणाली.

डब्यात उरलेल्या रिळात, ओल लागून पापुद्रे सुटलेल्या फिल्ममध्ये, तो होता. नखाएवढ्या चौकटींत, एकामागं एक, विहिरीच्या काठावर चढणारा. अर्धा चेहरा ओलीनं खाल्लेला. उरलेला अर्धा जोंग-गूचा होता.

तेवढी फिल्म कापून कमरेला गुंडाळून घरी न्यायची, एवढंच तिनं करायला हवं होतं. तिनं कातरी हातात घेतलीही. पण नखाएवढ्या चित्रांना आवाज नसतो. मुलानं बापाला ऐकायला हवं होतं. थिएटरात, अंधारात, हजार माणसांत बसून. कुणाला काही सांगावं लागणार नाही, कुणी काही विचारणार नाही. तिला लोभ सुटला. आयुष्यात पहिल्यांदाच सुटला असेल.

ती मा-मालकाकडे गेली. “मालक, हा सिनेमा जपान्यांविरुद्धचा आहे. फार जुना. आमच्या जुन्या गल्लीत काढलेला, विहिरीवरून ओळखला मी. कुणी सिनेमावाला घेईल.”

मा-मालकानं रीळ नाकाशी धरून हुंगलं, जसा काही त्याला पैशाचा वास येणार होता. “तीस वर्षांचा उत्सव आहे यंदा,” तो सावकाश म्हणाला. “वेडी आहेस, पण पूर्ण नाहीस.”

“एक मागते. पहिल्यांदा लावतील तेव्हा मला नि माझ्या मुलाला बघू द्या.”

मालकानं तिच्याकडे रोखून पाहिलं. “विहीर बघायला?”

“विहीर बघायला.”

आदल्या दिवसाच्या टोप्यांतल्या काही सकाळीच बाजाराला गेल्या होत्या. उरलेल्या सगळ्या तिनं उसवल्या. तिचाच टाका, मुंगीच्या पावलाएवढा. उसवता उसवता बोटांची टोकं सोलून निघाली. पिल-नाम बघत होती. “शिवायचं नि उसवायचं,” ती म्हणाली. “सासू जिवंत असती तर आशीर्वाद दिला असता तुला.”

एका सिनेमा कंपनीनं रीळ घेतलं. एका गावच्या तंबूवाल्याकडून त्यांना त्याच सिनेमाची आणखी दोन रिळं मिळाली होती. सुरुवात कुठंच नव्हती, शेवट अर्धा होता. कंपनीचा जोडकाम करणारा छन म्हणून एक वयस्क गृहस्थ होता. बोलावणं आलं तेव्हा ओक-बुन जोंग-गूला घेऊन गेली.

“मी मेलेल्या माणसाला बघायला येणार नाही,” पडद्यावर बाप दिसेल असं तिनं सांगितलं तेव्हा जोंग-गू आदल्या दिवशी म्हणाला होता. पण सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, आणि पाणी लावून भांग पाडला. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

छन टेबलावर वाकून टोप्यांतून सुटलेले तुकडे एकमेकांना चिकटवत होता. “हे कुणी शिवलं?” त्यानं विचारलं.

“मी.”

“हात छान आहे तुमचा.” त्यानं एक तुकडा उजेडाला धरला. “फक्त जागा चुकली. ही कडेची रेघ दिसते ना? आवाज तिच्यात असतो.”

ओक-बुनला आधी कळलंच नाही. मग कळलं. रेघेवर तिची भोकं होती, एकसारखी, सरळ, एकही टाका न चुकलेला. तिनं त्या रेघेला आयुष्यभर नुसती रेघ समजून सुई चालवली होती. इतक्या वर्षांत किती माणसांची तोंडं शिवली असतील, देव जाणे.

“ऐकू येईल ना?” तिनं विचारलं.

“काहीतरी येईल,” छन म्हणाला.

खोलीत अंधार व्हायच्या आधी आणखी एक माणूस आत आला. गुबगुबीत, हसतमुख, खिशात आल्याच्या वड्या. त्यानं एक जोंग-गूला दिली. “घ्या, घशाला बरी.” तो सरकारकडून सिनेमे तपासणारा साहेब होता, हे छननं उठून उभं राहिल्यावर तिला समजलं. सिनेमा लोकांना दाखवायचा तर आधी त्याला दाखवावा लागतो, एवढी साधी गोष्ट तिच्या लोभाच्या हिशेबातून निसटली होती.  मुलाला घेऊन उठावं असं वाटलं; पण उठणाऱ्याकडे सगळे बघतात.

दिवा विझला. ओरखडे, पाऊस पडल्यासारखे. मग विहीर. फुटका दगड, चिंधीची बादली. आणि विहिरीतून आवाज आला.

टक टक टक टक टक टक.

त्या टकटकीच्या मागं, फार खोल, कुणीतरी काहीतरी म्हणालं. रांजणात घुमावं तसं. ओक-बुननं कान, डोळे, सगळं अंग त्या आवाजाला लावलं, पण तिच्याच सुईनं टोचून टोचून त्याची चाळण केली होती. मग विहिरीच्या काठावर एक हात आला, ओला. मग चेहरा.

 शेजारी जोंग-गूचा हात आपोआप कानाकडे गेला. पडद्यावरच्या माणसाचा कान तोच होता, बाहेरून जरा दुमडलेला.

“पुन्हा लावा,” साहेबाचा आवाज आला.

पुन्हा टकटक, पुन्हा हात, पुन्हा चेहरा. या खेपेला साहेबानं खुर्ची फिरवून घेतली होती. तो पडद्याकडे बघतच नव्हता. पडद्याचा उजेड त्या मायलेकरांच्या तोंडावर पडत होता आणि तो ते बघत होता.

दिवा लागला. साहेबानं एक आल्याची वडी तोंडात टाकली.

“या विहिरीतल्या माणसाचं नाव कुणालाच आठवत नाही,” तो म्हणाला. “एक म्हातारा नट एवढंच सांगतो की रेल्वेच्या कारखान्यातला होता, आणि पन्नास साली नाटकवाल्यांच्या ट्रकमधून उत्तरेत गेला. असल्यांची तोंडं आम्ही दाखवत नाही. पण नाव मिळालं तर बरं असतं. नाव मिळालं की घरचे मिळतात.”



“तुमचे मालक म्हणाले, हे रीळ तुम्ही ओळखलंत.”

“विहीर ओळखली, साहेब.”

“आणि माणूस?”

तेवढ्यात जोंग-गू हसला. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून, दारूच्या गुत्त्यात हसावं तसा. “काय नट पण! साहेब, याला विहिरीतच राहू द्यायला हवं होतं. वर कशाला काढला?”

साहेब क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग तोही हसला. त्याला ते वाक्य आवडलेलं दिसलं. तरी त्याची मान ओक-बुनकडे वळलेलीच होती. तिनं बोलायलाच हवं होतं.

“नाही ओळखत मी,” ती म्हणाली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण खोट्याला नेहमी एक पाय जास्त लागतो. “माझा माणूस विषमज्वरानं गेला. भित्रा होता, साहेब. विहिरीत डोकावायचासुद्धा नाही.”

“अस्सं.” साहेब उठला. “मग काढून टाका याला, छन-साहेब.” दारापर्यंत जाऊन तो परत फिरला, जणू आताच सुचलं. “नाहीतर बाईंनाच कापू द्या. रोजचाच हात आहे.”

छन म्हणाला, हे काम बाहेरच्या माणसाचं नाही. साहेब नुसता हसत उभा राहिला. तो जाईना. शेवटी छननं खुर्ची मोकळी केली.

ओक-बुननं कातरी घेतली. ती रोजच्यासारखी सरळ चालली, आणि याचं तिला पुढं कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. बोटांना फिल्म माहीत होती. छन दाखवत गेला, ती कापत गेली. पहिल्या चौकटीत नुसता हात होता, काठाच्या दगडावर टेकलेला.

“हा पण?” तिनं विचारलं.

“हात राहू द्या,” साहेब मागून म्हणाला. “हाताला कोण ओळखतंय?”

कापलेले तुकडे तिच्या मांडीवर साठले. तिनं ते मूठभर गोळा केले. मनात आलं, टोप्यांसाठी नेते म्हणावं. कुणाला संशय येणार नव्हता. तोंड उघडणार तोच साहेब म्हणाला, “हे टोप्यांनाच लावता ना तुम्ही? न्या की. वाया कशाला घालवायचं! फक्त धुवून द्या हो, छन-साहेब. चित्र नको.”

छननं घमेल्यात दाहक पाणी ओतलं आणि तुकडे आत सोडले. काळी साय वर आली आणि पाण्यात फुटून गेली. तिला चुलीतला जाड पुठ्ठा आठवला; त्या मानानं हे फार लवकर झालं. थोड्या वेळानं छननं स्वच्छ, पाण्यासारख्या पट्ट्या तिच्या हातात दिल्या. त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. त्यालाही घर होतं.

मायलेक नाल्याच्या काठानं घरी निघाले.  भाजलेल्या रताळ्यांच्या गाडीपाशी जोंग-गू थांबला, पण घेतलं काहीच नाही.

“तो काय म्हणत होता?” त्यानं विचारलं.

“कोण?”

“विहिरीतून. ती टकटक चालली होती तेव्हा.”

चार शब्द तिच्या जिभेवर होते. तीस वर्षं होते. पण मागून सायकलवाला येत होता, पुढं दोन बायका चालल्या होत्या, आणि ज्या माणसाला आपण ओळखत नाही त्याचे शब्द आपल्याला कुठून ठाऊक असणार?

“मला काय माहीत,” ती म्हणाली.

जोंग-गूनं मान हलवली. “बरोबर,” तो म्हणाला. थोडं चालून गेल्यावर म्हणाला, “तू कापलंस ते बरं केलंस. तू नसतं कापलंस तर मी कापलं असतं.” तो दोन पावलं मागं राहिला होता. ओक-बुननं मागं वळून पाहिलं नाही. वळली असती तर त्याला डोळे पुसायची चोरी झाली असती.

त्या दिवसापासून तो डोक्यावरची टोपी कानापर्यंत ओढून घालू लागला.

चौकशी पार पडली. पावसाळा संपायच्या आधी तो वाळवंटाकडे निघाला. ओक-बुननं त्याच्यासाठी एक टोपी शिवली होती, स्वच्छ पट्टीची. तिकडे ऊन फार, म्हणाली. त्यानं टोपी हातात घेतली, पट्टीवरून अंगठा फिरवला. पट्टीच्या आरपार नुसतं गवत दिसत होतं.

“कंपनी लोखंडी टोपी देते, आई,” तो म्हणाला, आणि ती खुंटीला अडकवून गेला.

ऑगस्टात, स्वातंत्र्याच्या दिवशी, सिनेमा लागला. सिनेमा कंपनीनं मा-मालकाला फुकट पास दिले होते आणि तो कारखान्यातल्या सगळ्या बायकांना मिरवत घेऊन गेला. हा सिनेमा मी वाचवला, असं तो दारावरच्या माणसालाही सांगत होता. थिएटर खच्चून भरलं होतं. माणसं भाजलेला सुका मासा चघळत होती, पोरं झेंडे हलवत होती.

सिनेमा फार तुटक होता. कुणीतरी कुणावर तरी रागावत असे आणि कारण कापलेलं असे. एक बाई रडायची आणि पुढच्याच क्षणी हसायची. तरी लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवायचाच दिवस होता.

मग विहीर आली.

टक टक टक टक.

“मशीन बिघडलं वाटतं,” पिल-नाम तिच्या कानाशी म्हणाली. “काय ही टकटक!”

“मशीन नाही गं,” ओक-बुन म्हणाली. “टाका बारीक पडलाय.”

पिल-नामला काही कळलं नाही आणि तिला कळून घ्यायचंही नव्हतं, कारण तेवढ्यात विहिरीच्या काठावर एक ओला हात आला, आणि हाताच्या मागं कुणीच आलं नाही. पुढच्या क्षणी बॉम्ब जमिनीवर होता आणि दुसरीच माणसं तो उचलून पळत होती. सगळं थिएटर खो खो हसलं.

“अगं, माणूस कुठाय?” पिल-नामनं हसता हसता तिचा दंड धरला. “हातच आला नुसता! बाकीचा आतच राहिला का?”

ओक-बुनही हसली, जरा जास्तच मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर बसली. खिडकीकडची जागा रिकामी होती, पण तिनं मागितली नाही. गोणीतली पट्टी तिनं उजेडाला न धरता सुईखाली घेतली आणि मशीनची चकती फिरवून टाका लांब केला. मा-मालक मागून आला, त्यानं टोपी उलटीसुलटी करून बघितली.

“आत्ता कसं!” तो म्हणाला. “एवढं समजायला वीस वर्षं लागली तुला.”